तिसऱ्या टेबलावरचे दिवंगत

गिटारची तार जुळवता जुळवता तिने सहज समोर पाहिलं, तर तिसऱ्या टेबलावर बाबा. लिफ्ट दुरुस्तीचा निळा गणवेश, खिशाला टेस्टर, पुढ्यात पाण्याचा ग्लास. तिचे हात जागच्या जागी थांबले. कारण बाबा वारलेले होते. निदान या कॅफेत तरी ते वारलेले होते.

घरी ते ठणठणीत होते. गिझर बंद करायला विसरते म्हणून सकाळीच त्यांनी तिला झापलं होतं. पण इथली गोष्ट वेगळी. वर्षभरापूर्वी ती इथे पहिल्यांदा गायला आली, तेव्हा तिला कुत्रंही विचारत नव्हतं. लोक गप्पा मारत होते, काउंटरमागे मिक्सर घरघरत होता, आणि ही बापडी स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं भिंतींना ऐकवत होती. तेव्हा काय अवदसा आठवली कोण जाणे, ती माइकमध्ये म्हणाली, "पुढचं गाणं माझ्या बाबांवर आहे. ते मागच्या महिन्यात गेले."

मिक्सर बंद झाला. एवढी शांतता तिच्या वाट्याला आजवर कधी आली नव्हती. गाणं संपलं तेव्हा दोघंतिघं चक्क डोळे पुसत होते. मग काय, दर खेपेला तेच. दुसऱ्या कॅफेंतही तेच. बाबा इतक्या वेळा गेले, की सांगताना तिची जीभही अडखळेनाशी झाली.

खऱ्या बाबांना तिने सुरुवातीला बोलावून पाहिलं होतं. पण ती बोलवायची त्याच दिवशी नेमकी कुठेतरी लिफ्ट अडकायची. शेवटी तिने नाद सोडला. मग आज हे इथे कसे? तिला खालची 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी आठवली. ती जिने चढून वर आली होती, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण काम आटोपलं असेल तर माणूस घरी जाईल, इथे कशाला बसेल? तिच्यासाठी बसले की नुसते पाणी प्यायला? चेहऱ्यावरून काही कळेना. बाबांनी हात वर केला. आपण हसलो की नाही, तिचं तिलाच समजलं नाही.

आज ते गाणं गायचंच नाही, असं तिने ठरवलं. सायकलवरचं एक गमतीचं गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरली, पहिलंच कडवं पुन्हा म्हणून वेळ मारून नेली आणि गिटारची वायर काढायला वाकली.

"अहो, असं कसं?" कार्यक्रम चालवणारा दाढीवाला पुढे आला. "बाबांचं गाणं झाल्याशिवाय सोडतो का आम्ही?"

टाळ्या पडल्या. बाबा खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी कॉलर नीट केली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ती दाढीवाल्याचा हात धरणार, तोवर तो बोलूनही गेला, "नवीन मंडळींसाठी सांगतो, हिचे बाबा आज आपल्यात नाहीत."

बाबांनी मागे वळून पाहिलं. दुसरी कुणी मुलगी उभी आहे का, ते पाहत असावेत. मग सावकाश मान फिरवून ते तिच्याकडे बघू लागले.

खरं सांगावं, तर या खोलीत आणि बाकीच्या सगळ्या खोल्यांत ती कायमची खोटारडी ठरणार. न सांगावं, तर जित्याजागत्या बापाला त्याच्याच डोळ्यांदेखत मारायचं. काय करावं सुचेना. सुचेना म्हणून ती गायला लागली.

तुझ्या हातांना ग्रीसचा वास,
माझ्या गालांना तुझ्या हातांचा...

यातलं एक अक्षर तिने घरात कधी उच्चारलं नव्हतं. घरी दोघांत बोलणं व्हायचं ते गिझरचं, नाहीतर लाइटबिलाचं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकावं असंही वाटत होतं. आवाज दोनदा फाटला. लोकांना तेही आवडलं.

गाणं संपल्यावर पहिल्या टेबलावरच्या बाई तिच्याजवळ आल्या. दर वेळी रुमाल घेऊन बसायच्या त्याच. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात बाबा येऊन शेजारी उभे राहिले.

"तुम्ही घरचेच ना?" बाई म्हणाल्या. "चेहरा अगदी मिळतो हो."

"हे माझे..." तिने तोंड उघडलं.

"काका," बाबा म्हणाले. "मी काका हिचा. गेला तो माझा भाऊ."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते रागावलेत, की चेष्टा करताहेत, की आणखी काही, तिला काही म्हणता काही उमजेना.

"कसे होते हो स्वभावाने?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

बाबांनी जरा विचार केला. "कामाला वाघ होता. कुणाची लिफ्ट अडकली की हातातला घास टाकून पळायचा. घरात मात्र ओरडण्यापुरतंच तोंड उघडायचा."

"पण भाग्यवान म्हणायचे. असं गाणं लिहिणारी मुलगी मिळाली."

"ते आहेच. पण एकदाही ऐकायला आला नाही, गाढव," बाबा म्हणाले. मग खिशातला टेस्टर उगाच काढून परत खिशात ठेवत ते तिच्याकडे वळले. "आता त्याच्या बदली मी येत जाईन म्हणतो. चालेल ना गं?"