एकही चूक नाही

"चष्मा घरी राहिला," वेलिच्को म्हणाला आणि समोरचा छापील उतारा त्याने हलकेच परत सरकवला.

डॉक्टर मिलेवांनी आग्रह केला नाही. त्यांनी दुसरा कागद काढला. त्यावर ठळक मोठ्या अक्षरांत रंगांची नावं होती, पण शाई भलत्याच रंगाची. 'हिरवा' हा शब्द लाल शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत.

"मग वाचूच नका, काका. शब्द काहीही असो, नुसता शाईचा रंग सांगायचा. भराभर."

वाचूच नका. वेलिच्कोला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीत जरा मागे रेलला.

प्लोवदिव शहरातल्या एका छोट्या छापखान्यात तो निधनपत्रकांची प्रुफं तपासायचा. कुणी गेलं की ही पत्रकं दारावर, फाटकावर, झाडांवर चिकटवतात आणि येणारे-जाणारे थांबून वाचतात. तिथे चूक म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. वेलिच्कोच्या नजरेतून कधी काही सुटलं नव्हतं. मग हिवाळ्यात तो अंगणात चक्कर येऊन पडला. बरा होऊन कामावर गेला आणि एका पत्रकात मृत नवऱ्याच्या जागी बायकोचंच नाव छापून गेलं. ते स्वतःच्या दारावरून काढून ती बाई छापखान्यात आली. "मी अजून आहे," एवढंच म्हणाली. मालकाने वेलिच्कोला घरी बसवलं. डॉक्टरांची चिठ्ठी आण, मग ये.

"आधी रायनाकाकू करून दाखवतील," डॉक्टर म्हणाल्या.

त्याची बायको रायना कागदावर वाकली. "लाल... निळा. नाही, पिवळा. हिरवा... अगं बाई, थांबा." पुढच्या ओळीत ती पुन्हा अडकली.

"हिला आता रंगही कळेनात," वेलिच्को म्हणाला. "बाजारातून मिरच्या कशा निवडून आणते कोण जाणे."

"खाताना बरा गप्प असतोस," रायना म्हणाली.

मग त्याची पाळी आली. लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. शेवटच्या ओळीपर्यंत तो कुठेही थांबला नाही.

"एकही चूक नाही ना?"

"एकही नाही."

"मग द्या चिठ्ठी."

डॉक्टरांनी पेन उचललं नाही.

"काका, वाचता येणाऱ्या माणसाला हे असं जमत नाही. नको म्हटलं तरी डोळा आधी शब्द वाचतो आणि जीभ अडखळते. काकू अडखळल्या. मीसुद्धा अडखळते." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तुम्हाला ही अक्षरं म्हणजे नुसत्या रंगीत रेघा दिसतात ना? कधीपासून?"

वेलिच्कोने कोटाच्या आतल्या खिशातून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"पडलो तेव्हापासून," तो म्हणाला. आणि रायना शेजारीच बसलेली असताना, अगदी हळू आवाजात, "हिला माहीत नाही."

रायनाने पर्स उघडली. चष्म्याचं रिकामं घर तिने बरोबर आणलं होतं. तिने चष्मा घडी करून त्यात ठेवला. वेलिच्को तिच्या हातांकडे बघत होता. हिवाळ्यापासून ती रोज न्याहारीला वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होती. म्हातारपणी हिची बडबड वाढली, असं त्याला वाटलं होतं. दोन-तीनदा तो चिडलाही होता.

तिने त्याचा कोट सारखा केला आणि त्याला उठवलं.

"कोपऱ्यावरच्या झाडाला नवं पत्रक लागलंय," ती म्हणाली. "मी वाचते, स्वल्पविरामासकट. चूक तू शोध."