उतार

अपघातानंतर महिपतरावांची व्हीलचेअर दारातल्या उतारावरून न्यायला दोन माणसं लागत. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं.

पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, उन्नतीनं, वर्गातली त्रिकोणमिती घरी आणली. बाबांच्या हातांना झेपेल असा कोन काढला आणि मिस्त्रीकडून उतार तिप्पट लांब करून घेतला.

“अगं, सगळं अंगण खाऊन टाकलंस!” महिपतराव कुरकुरले.

रविवारी सकाळी सुधाताई नवऱ्यासाठी चहा घेऊन आल्या, तर खोली रिकामी. “उन्नती, तुझे बाबा कुठे गेले? कोणी नेलं त्यांना?”

तेवढ्यात उन्नतीचा फोन वाजला.

“मी किला गेटला आलोय.” महिपतरावांना थोडी धाप लागली होती. “गरमागरम कचोरी निघतेय. किती आणू?”