उलट उत्तर

"तोंड उघडलंस की पुढे गाडी थांबेल तिथे उतरायचं," मालगाडीचे ड्रायव्हर मान न वळवता म्हणाले. "अर्जात 'मला इंजिन आतून बघायचंय' याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं होती. तेव्हाच ओळखलं मी."

"काय ओळखलं, मामा?" असिस्टंटने विचारलं.

"डोक्याला ताप."

ती असिस्टंटच्या मागे, उजव्या खिडकीला चिकटून, मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. आठव्या अर्जाला होकार आला होता. आता शेवटच्या स्टेशनापर्यंत गप्प बसायचं. बस्स, एवढंच.

इंजिन हललं. पायाखालचा पत्रा थरथरला आणि ती थरथर पोटऱ्यांतून थेट दातांपर्यंत चढली. तिला किंचाळावंसं वाटलं. तिने दप्तराचा पट्टा चावला.

"हिरवा," असिस्टंट म्हणाला.

"हिरवा," मामा म्हणाले.

प्रत्येक सिग्नलला हेच. एकाने रंग सांगायचा, दुसऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच परत म्हणायचा. घरी उलट उत्तर दिलं की तिला बोलणी बसायची. इथे दिलं नाही तर नोकरी जायची. असंही काम जगात असतं, या विचाराने तिला बसल्या जागी गुदगुल्या झाल्या.

दोन स्टेशनं मागे पडली. रूळ उजवीकडे वळले. सगळे डबे नीट येताहेत ना, हे बघायला असिस्टंट खिडकीतून मागे वाकला. मामांच्या काचेत नुसती झाडी होती. तिच्या काचेत, दोन झाडांच्या मधोमध, एक ठिपका होता.

"पिवळा."

आपणच बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

असिस्टंट गर्रकन वळला. 'संपलीस तू,' त्याचे डोळे म्हणाले. मामांनी फक्त वेग थोडा कमी केला. पिवळा म्हणजे पुढे थांबायची तयारी. स्वतःच्या उतरण्याची वर्दी तिने स्वतःच दिली होती. तरी तिची नजर काही त्या ठिपक्यावरून हलेना.

वळण सुटलं. झाडी बाजूला झाली. सिग्नल आता सगळ्यांसमोर होता.

"पि..." असिस्टंटने सुरुवात केली. मामांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. सिग्नलकडे नीट बघितलं. मग पहिल्यांदाच मान अर्धी मागे वळवली.

"पिवळा," ते तिला म्हणाले, आणि पुन्हा समोर बघू लागले. "पुढचा जरा मोठ्याने सांग. इंजिनात कुजबुजलेलं ऐकू येत नाही."