बाहेरून एक इंची

प्लंबरने पितळी व्हॉल्व्ह डोळ्याला लावला आणि त्यातून दुकानाच्या दाराकडे बघितलं. दार जेमतेम अर्धं दिसलं. त्याने तो काउंटरवर ठेवला आणि दुसरा उचलला. यातून अख्खं दार दिसलं, दाराशी टेकलेली सायकलसुद्धा.

"दोन्ही एक इंचीच आहेत," दुकानदार म्हणाला. "घरगुती कामाला पहिला चालतो की. आतलं भोक जरा बारीक, एवढंच. कुणाला कळतंय?"

"मला कळतं," प्लंबर म्हणाला आणि मोठ्या भोकाचा घेतला.

कुणाला कळतंय, असं नऊ वर्षांपूर्वी तोही म्हणाला होता, मनातल्या मनात. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. डावी बाजू त्याची, उजवी धाकट्या भावाची, गच्चीवरची टाकी दोघांत एक. वाटणीच्या बैठकीत भाऊ चार नातेवाइकांसमोर म्हणाला, "दादाला कागदातलं काय कळतंय? पाना फिरवणारा माणूस." सगळे हसले. दादाही हसला. पुढे टाकीपासून दोन घरांना दोन पाइप काढायचं काम त्याच्याकडेच आलं, तेव्हा पाना फिरवणाऱ्याने पाना फिरवून दाखवला. त्याने दोन व्हॉल्व्ह आणले. रंग सारखा, मूठ सारखी, हातात घेतले तर वजनही सारखंच वाटावं. मोठ्या भोकाचा स्वतःच्या पाइपाला बसवला, बारीक भोकाचा भावाच्या. गडबड होऊ नये म्हणून बारीक भोकाच्या व्हॉल्व्हला आधीच मागच्या अंगाने कानशीने खाच मारून ठेवली होती. बायको शेजारी बसून एकेक हत्यार हातात देत होती. "दादा, दोघांना सारखंच केलंस हो," भाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी सोडलं.

राग आठवड्याभरात उतरला. व्हॉल्व्ह तिथेच राहिला.

पाणी तसं त्याच्या स्वतःच्या घरातही बारीकच यायचं. टाकी बुटकी, जोर कुठून येणार, असं तो म्हणायचा. प्लंबरच्याच नळाला धार नाही, दिव्याखाली अंधार, अशी शेजारी थट्टा करायचे. बायको मात्र कधी कुरकुरली नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची. नळाखाली बादली लावायची आणि हातात शर्ट घेऊन, गुंड्या लावत तिथेच उभी राहायची.

एकदा त्याने घड्याळ लावून बघितलं. बादली भरायला सात मिनिटं लागली. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. मोठ्या भोकातून आपली ही गत, तर बारीक भोकातून त्यांचं काय होत असेल?

तेव्हापासून भावजय बादली घेऊन दिसली की त्याची मान खाली जायची. भावाकडे जाणं त्याने दारापुरतं ठेवलं. गच्चीवर तर तो फिरकलाच नाही, टाकी धुवायलासुद्धा दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. चोराच्या मनात चांदणं.

आणि गेल्या आठवड्यात भाऊच दाराशी आला. "दादा, हिची कंबर धरलीय. कपडे धुवायचं मशीन घेतोय. पाण्याचा जोर पुरेल ना त्याला? तू सांगशील ते खरं."

तू सांगशील ते खरं. नऊ वर्षांत एवढं कुणी त्याला बोललं नव्हतं. त्याने ठरवलं, आधी व्हॉल्व्ह बदलायचा आणि मग खाली जाऊन सगळं सांगायचं. भाऊ बोलणं टाकेल, भावजय तोंड बघणार नाही. चालेल.

आज टाकी धुवायला रिकामी केली होती. दुकानातून तो थेट गच्चीवर गेला. भावाच्या पाइपाचे दोन्हीकडचे नट सैल करून त्याने व्हॉल्व्ह सोडवला आणि मागून बोट फिरवलं. खाच लागली नाही. डोळ्याला लावला, तर पलीकडच्या घराची अख्खी खिडकी दिसली.

पाइप चुकला असेल म्हणून तो कठड्यापर्यंत पाइप धरून चालत गेला. पाइप उजवीकडेच उतरत होता. भावाकडेच.

मग त्याने स्वतःच्या पाइपाचा व्हॉल्व्ह सोडवला. खाच बोटाला लागली. भोक बारीक होतं. आणि नटाच्या आट्यांवर, पाणी गळू नये म्हणून, निळा दोरा गुंडाळलेला होता, गणवेशाच्या शर्टाला लावतात तो.

वाळलेले कपडे काढायला बायको वर आली. तिने त्याच्या हाताकडे बघितलं आणि दोरीवरचे चिमटे काढायला लागली.

"हे तू केलंस?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी. टाकीत पाणी सोडायच्या आधी," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमची हत्यारं हातात देतेय. कुठलं भोक बारीक, एवढंही कळू नये होय मला?"

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही आपणहून कधी वर येताय, ते बघत होते."

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली. तिने कपडे खांद्यावर टाकले, त्याच्या पिशवीतला नवा व्हॉल्व्ह काढला आणि डोळ्याला लावून त्यातून त्याच्याकडे बघितलं.

"हा बरा आहे," ती म्हणाली. "आता आपल्याकडे बसवा. बादलीला सात मिनिटं लागतात. मीही मोजलीत, रोज."