आजीच्या हातचा भोपळा

डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितली होती, म्हणून सून बाळासाठी नुसता भोपळा उकडून, गाळून, मऊसूत घोटायची. बाळ तो फुर्र करून तिच्याच अंगावर उडवायचं. सासूबाई तीच वाटी आत नेऊन आणायच्या, की मात्र बाळ ती चाटूनपुसून संपवायचं. मग त्या मैत्रिणींना फोन लावायच्या. "पोर माझ्याच हातचं खातं गं. त्याच्या आईला कुठलं जमायला."

सासूबाई सहलीला निघणार होत्या त्या सकाळी वाटी घासताना सुनेला तळाशी न विरघळलेली साखर दिसली.

त्यांना न्यायला सगळ्या मैत्रिणी दारात जमल्या, तेव्हा तिने बाळाला सासूबाईंच्या कडेवर दिलं.


"आई, तुम्ही नसताना हा उपाशी राहील हो. वाटीत काय घालता, तेवढं सगळ्यांसमोर सांगून जा."