दगडांना पुरून उरणारे टायर

दादाची जीप म्हणजे रणगाड्याची सख्खी बहीण, पण आईच्या घराकडच्या खडकाळ चढावर ती कधी फिरकली नाही. "टायर गुळगुळीत झालेत गं, दगडांत फाटले म्हणजे?" हे त्याचं ठरलेलं पालुपद. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तशी धाकट्या बहिणीने त्याला अक्षरशः ओढत टायरच्या दुकानात नेलं.

तिथे दादा जावई पारखावा तसा एकेक टायर पारखत बसला. खाचांत बोटं घालून बघ, कडेला बुक्के मारून बघ. "जाड हवा. दगडांना पुरून उरला पाहिजे!"

"साहेब, हे घाला आणि डोंगर चढवा," दुकानदार म्हणाला, तेव्हा कुठे धाकटीचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशनच्या दिवशी दादाचा फोन आला, "खाली थांबलोय. आईला घेऊन ये."

चार शेजाऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून, चिखलातून घसरत, ठेचकाळत खाली आणलं. प्रत्येक हिसक्याला म्हातारी कळवळत होती. डांबरी रस्त्यावर जीप उभी होती आणि दादा उकिडवा बसून फडक्याने नवे टायर पुसत होता.

"वर का नाही आलास?" तिने दात-ओठ खात विचारलं.

 

"वेडी आहेस का? टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून झडले नाहीत!"