कोमट खारं पाणी

दाभोळहून बोट सुटल्यापासून सगुणाने तोंडाला लावलेला पदर सोडला नव्हता. बोटीवरचे लोक वळून वळून बघत होते, जशी काही घरात मयत झालीय. मथुरा तांडेलिणीला त्याचाच संताप आला होता. नवरा जिवंत आहे, फेंगडा का होईना, पण आपल्या पायांनी चालतोय, आणि ही सून चारचौघांत टिपं गाळते! रत्नागिरीच्या दवाखान्याच्या पडवीत बाकावर टेकतानाही मथुराने तिला कोपराने ढोसलं.

"गप गो. तुझा बाप नाय मेला."

आत पडद्यामागे धाकूला पालथं निजवलं होतं. धाकू तिचा एकुलता, घरच्या मचव्याचा तांडेल. परसाकडे जायचं म्हटलं की काच खाल्ल्यागत ओरडायचा, त्या भीतीने जेवण टाकायचा. ती गुदाची जुनी चीर याच डॉक्टरने दिवाळीनंतर कापली, आणि पहिले काही दिवस धाकू पोटभर जेवला, गाढ झोपला. जखम भरली की सुकाण हातात घ्यायचं, एवढंच उरलं होतं. तोवर मचवा पुतण्या भिवा चालवत होता. आता शिमगा तोंडावर आला, तरी जखम भरायचं नाव घेत नव्हती. धोतर रोज पुवाने भिजत होतं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"जखमेची निगा कशी राखलीत?"

"तुमी सांगितलंत तश्शी," मथुरा ताठ उभी राहिली. "कोमट खाऱ्या पाण्यात बसवला. एक दिस चुकवला नाय."

"पाणी चांगलं उकळत होतात ना आधी?"

"उकळायचं कशाला? ओहोटीला खडकात साचतं ते उन्हानं आपसूक कोमट होतं. मीठ तर देवानंच घातलेलं." तिला हसू आलं. "ह्या आमच्या सूनबाईनं आधी फाटी जाळून, वाण्याकडचं मीठ आणून थाट मांडला व्हता. मी टोपच पालथा केला. म्हटलं, दर्या दारात असून मीठ विकत घेतेस, तू कुठल्या संस्थानची राणी?"

डॉक्टर हसले नाहीत.

"त्याच खडकांत वाडीची मासळी धुता?"

"मग काय विहिरीत धुवायची?"

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "बाई, चीर गेली होती. काम चांगलं झालं होतं. पण त्या घाण पाण्याने जखम पिकली, आत पोखरत गेली. आता भगंदर झालंय. पुन्हा कापायला हवं, आणि या खेपेला खोल. गुदाचं दार आवळून धरणारं मांसच त्यात तुटणार. दुखणं थांबेल. पण पुढे त्याला शौच आवरून धरता येईल, असं मी म्हणणार नाही."

"खारं पाणी जखम भरतं," मथुरा म्हणाली. "जाळ्यानं कापलेले हात, खडकावरच्या कालवानं चिरलेले पाय, आमी सगळं त्यातच बुडवतो."

"हातापायाचं वेगळं, बाई."

पडदा हलला नाही, पण आतून धाकूचा आवाज आला. "आये, सुकाण भिवाकडंच राहू दे."

"का म्हणून? तांडेल तू हायस."

"मचव्यावर लपायला कुठं जागा हाय?"

बाकावरची बायामाणसं आता उघड उघड ऐकत होती. तेवढ्यात सगुणाने पदर खाली घेतला. तिचा आवाज इतका साधा होता, की डॉक्टरांनीही मान वळवली.

"मी सांगितलं व्हतं, आत्याबाई. उकळूनच घ्यायचं म्हणून. टोप पालथा केलात तेव्हाबी सांगितलं."

मथुराने सुनेकडे पाहिलं. मान खाली घालणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आताही जमलं नाही. ती बोलली ती साऱ्या पडवीला ऐकू जाईल अशी.

"सांगितलंस ना? मग दुसरा टोप का नाय चढवलास? मी सासू हाय, मी पालथा करणारच. तू बायको व्हतीस त्याची. माझ्या झिंज्या धरायच्या, मला घराबाहेर काढायची! तू माझं ऐकलंस, सगुणा. माझं ऐकून माझा लेक बुडवलास."